नव्या लॅपटॉपवर विंडोज टेन टाकताना ड्राइव्हच दिसत नाही, आणि टाकलं तरी काही महिन्यांनी निळी स्क्रीन

मी नाशिकला अंबड एमआयडीसीत एका छोट्या मशीन शॉपमध्ये स्टोअर बघते आणि कॉम्प्युटरचं जे काही निघेल तेही माझ्याकडेच येतं. गेल्या दोन वर्षांत नव्या लॅपटॉपवरचं विंडोज इलेव्हन काढून टेन टाकायचं काम चार वेळा आलं, दोन लॅपटॉप आमच्या शॉपचे, एक रविवार कारंजाजवळ लग्नपत्रिका छापणाऱ्या दादांचा आणि एक पिंपळगावच्या द्राक्ष पॅकहाऊसमधला. दादांचं काम टेन न टाकताच झालं, ते खाली सांगते, बाकी तिन्ही ठिकाणी गाडी एकाच जागी अडली. पहिल्या वेळी माझे दोन रविवार गेले, शेवटच्या वेळी दीड तासात सगळं झालं, म्हणून मधलं सगळं लिहून ठेवते, कोणाचा तरी रविवार वाचेल.

अडतं ते असं. पेनड्राइव्हवरून सेटअप नीट चालू होतो, भाषा विचारतो, लायसन्सवर टिक मागतो, आणि जिथे ड्राइव्हची यादी यायला पाहिजे तिथे यादी रिकामी, खाली मेसेज की एकही ड्राइव्ह सापडला नाही, स्टोरेज ड्रायव्हर पाहिजे असेल तर लोड ड्रायव्हरवर क्लिक करा (ड्रायव्हर म्हणजे विंडोजला आतला एखादा भाग ओळखायला लागणारं छोटं सॉफ्टवेअर). आता ज्या लॅपटॉपवर पाच मिनिटांपूर्वी विंडोज इलेव्हन मस्त चालत होतं त्यात ड्राइव्ह नाही म्हणजे काय, माणूस घाबरतोच. आमच्या ऑपरेटरने तर लॅपटॉप बॅगेत भरला होता, एसएसडी, म्हणजे आतला ड्राइव्ह, उडाली म्हणून दुकानात परत द्यायला. एसएसडीला काहीही झालेलं नसतं.

पण थांबा, सेटअपच्या आधी एक गोष्ट विचारा, टेन खरंच लागणार आहे का. कारण विंडोज टेनचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने नाव नोंदवणाऱ्यांना सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून दिले, ते वेगळं, पण टेन आता उतरणीला लागलेलं आहे हे डोक्यात ठेवूनच हे काम करायचं. ज्या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार, जीएसटी, मेल चालतात त्यावर मी टेन टाकत नाही, कोणी सांगितलं तरी नाही म्हणते.

पत्रिकावाल्या दादांचा प्रॉब्लेम असा होता की त्यांच्या जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरचा डोंगल, म्हणजे यूएसबीला लावायची ती कॉपी प्रोटेक्शनची कुपी, नव्या लॅपटॉपवर ओळखतच नव्हता. लगीनसराई तोंडावर, पत्रिकांच्या फाइली सगळ्या जुन्या फॉन्टमध्ये, ते म्हणाले ताई तुम्ही सरळ टेन टाका, जुन्यावर चालत होतं ना. मी डिव्हाइस मॅनेजर उघडला तर डोंगलवर पिवळं उद्गारचिन्ह. नव्या लॅपटॉपवर इलेव्हन येतं तेव्हा मेमरी इंटिग्रिटी नावाचं सेटिंग बहुतेक वेळा चालूच असतं आणि ते जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर चढूच देत नाही. विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन डिटेल्स असं आत गेलं की ते सापडतं. आधी डोंगलवाल्यांच्या साइटवर नवा ड्रायव्हर आहे का ते बघायचं, असेल तर तोच टाकायचा आणि सेटिंगला हात लावायचा नाही. दादांच्या डोंगलला नवा ड्रायव्हर नव्हता म्हणून सेटिंग बंद केलं, रीस्टार्ट, डोंगल लागला. त्याने सुरक्षा कमी होते हे खरं आहे, म्हणून त्या लॅपटॉपवर आता फक्त डिझाइन होतं, बाकीचं सगळं मुलाच्या कॉम्प्युटरवर. पण ऑपरेटिंग सिस्टिम पुसायची वेळ आली नाही.

दुसरं म्हणजे सोळा बिटचे फार जुने प्रोग्राम. मशीनला प्रोग्राम पाठवायचे असले जुने प्रकार सातपूर-अंबडला अजून भरपूर ठिकाणी चालू आहेत. ते फक्त बत्तीस बिटच्या विंडोजवर चालतात, इलेव्हन बत्तीस बिटमध्ये निघालंच नाही, आणि टेन बत्तीस बिटमध्ये आहे पण नव्या लॅपटॉपचं बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणारं लॅपटॉपचं मूळ सॉफ्टवेअर, चौसष्ट बिटचं (यूईएफआय) असतं, त्यावर ते बूटच होत नाही. म्हणजे चौसष्ट बिटचं टेन टाकलं तरी तो प्रोग्राम चालणार नाहीच, मेहनत फुकट. तिथे व्हर्च्युअलबॉक्ससारखं फुकट सॉफ्टवेअर इलेव्हनमध्येच टाकून त्याच्या आत जुनं विंडोज बसवायचं. विंडोज सेव्हनचंही तेच, सेव्हनच्या सेटअपमध्ये यूएसबी थ्रीचा ड्रायव्हर नाही, नव्या प्रकारच्या एनव्हीएमई एसएसडीचा नाही, सिक्युअर बूट त्याला कळत नाही, आणि नव्या लॅपटॉपमध्ये जुन्या पद्धतीने बूट करायची सोयच बहुतेक ठिकाणी काढून टाकलीये. नव्या लॅपटॉपवर थेट सेव्हन टाकायच्या भानगडीत पडू नका, मनापासून सांगते.

आमच्या शॉपला मात्र टेन लागणारच होतं. वायरकट मशीनच्या, म्हणजे तारेने धातू कापणाऱ्या मशीनच्या, प्रोग्रामिंगचं जे सॉफ्टवेअर आहे त्या कंपनीने लेखी कळवलं की आमचं टेनपर्यंतच चालतं, पुढचं घ्यायचं तर नवीन लायसन्स, आणि त्याची किंमत ऐकून शेठ म्हणाले, ‘‘लॅपटॉपच्या दुप्पट पैसे देण्यापेक्षा तू टेन टाक.’’ त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, छोट्या शॉपला तो खर्च परवडतच नाही.

आता ड्राइव्ह का दिसत नाही ते. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी म्हणून एक प्रकार बायोसमध्ये चालू करूनच देतात, व्हॉल्यूम मॅनेजमेंट डिव्हाइस. तो चालू असला की एसएसडी सेटअपला थेट दिसत नाही, मध्ये इंटेलचा कंट्रोलर असतो आणि त्याच्याशी बोलायला इंटेलचा रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर लागतो. कंपनीने लॅपटॉप भरताना तो ड्रायव्हर आधीच घातलेला असतो म्हणून इलेव्हन चालतं. टेनच्या सेटअपमध्ये तो नाही, म्हणून यादी रिकामी. इलेव्हनचा सेटअप कोरा टाकायला गेलं तरी पुष्कळदा हेच होतं, म्हणजे जुन्या-नव्याचं हे भांडणच नाही, ड्रायव्हर नाही एवढंच.

खात्री करायची असेल तर त्या रिकाम्या यादीच्या स्क्रीनवर शिफ्ट आणि एफ-टेन दाबा (काही लॅपटॉपवर सोबत एफएन पण दाबावं लागतं), काळी खिडकी उघडेल, त्यात डिस्कपार्ट, मग लिस्ट डिस्क. फक्त पेनड्राइव्ह दिसला आणि बायोसमध्ये एसएसडीचं नाव दिसत असेल तर व्हीएमडीच समजा. बायोसमध्येही दिसत नसेल तर मात्र खरंच हार्डवेअरचं बघा. रायझेनच्या लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नसतं, तिथे ड्राइव्ह सहसा सरळ दिसतो.

उपाय दोन आहेत आणि मी पहिल्या वेळी सोपा घेतला तो महागात पडला. सोपा म्हणजे बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करायचं. ड्राइव्ह लगेच दिसतो, टेन बसतं, सगळे खूश. आम्ही तसंच केलं, वायरकट चालू झालं, चार महिने काही नाही, आणि एका सोमवारी सकाळी ऑपरेटरचा फोन, ‘‘ताई, निळी स्क्रीन येतीये, परत परत रीस्टार्ट होतोय.’’ मी रजेवर होते, शेठनी लॅपटॉप बाहेर दुरुस्तीला दिला, तिथे त्यांनी सगळं पुसून पुन्हा विंडोज टाकून दिलं, पैसे गेले ते गेले, वायरकटचे चार महिन्यांचे प्रोग्राम गेले. मग तीन महिन्यांनी परत तेच. त्या वेळी मी हजर होते, स्क्रीनवरचा कोड नीट वाचला, इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस. म्हणजे विंडोजला स्वतःचाच ड्राइव्ह सापडत नाही. बायोस उघडलं तर व्हीएमडी चालू! कोणी केलं? कोणीच नाही. मधे बायोसचं अपडेट विंडोज अपडेटमधून आपोआप आलं होतं आणि बायोसची सेटिंग्ज मूळच्या जागी गेली होती. व्हीएमडी परत बंद केलं, दोन मिनिटांत विंडोज जसंच्या तसं उघडलं, एक फाइल गेली नाही. पहिल्या वेळी पुसलं ते विनाकारण पुसलं, आजही वाईट वाटतं त्या प्रोग्रामचं.

तर तुमच्या लॅपटॉपवर कोणी व्हीएमडी बंद करून टेन टाकलेलं असेल आणि अचानक हा कोड आला, तर कोणालाही पुसू देऊ नका, आधी बायोस बघा. बायोस रीसेट केलं, मदरबोर्डचं काम झालं, बॅटरी काढून ठेवली होती, कशानेही ते सेटिंग परत फिरू शकतं. आमच्या त्या लॅपटॉपच्या खाली मी आता कागद चिकटवलाय, मोठ्या अक्षरात, बायोसमध्ये व्हीएमडी बंद पाहिजे. सेटिंग प्रत्येक कंपनीचं वेगळ्या ठिकाणी असतं, असूसमध्ये ॲडव्हान्स्ड मेनूत, डेलमध्ये स्टोरेजखाली रेड ऑनच्या जागी एएचसीआय-एनव्हीएमई करायचं, एसरमध्ये ते लपवलेलं असतं, मेन टॅबवर कंट्रोल आणि एस दाबलं की वर येतं, आणि काही लॅपटॉपमध्ये हे सेटिंग दिलेलंच नसतं.

म्हणून दुसरा उपाय चांगला, व्हीएमडी चालू राहू द्या आणि सेटअपला ड्रायव्हर द्या. बायोस मूळच्या सेटिंगवर गेलं तरी काही बिघडत नाही. दुसऱ्या लॅपटॉपला आणि पिंपळगावला मी असंच केलं.

ड्रायव्हर आणायचा कुठून? सगळे इंटेलच्या साइटवरून उतरवतात आणि तिथेच फसतात. ती एक इन्स्टॉल करायची फाइल असते, ती तशीच पेनड्राइव्हवर टाकली की सेटअप म्हणतो ड्रायव्हर सापडला नाही, कारण त्याला आतल्या आयएनएफ फाइली सुट्या पाहिजे असतात. शिवाय आवृत्तीचा घोळ, एकोणीस नंबरची आवृत्ती अकराव्या ते तेराव्या पिढीसाठी, वीसची बाराव्यापासून पुढे, अकराव्याला वीस दिली तर काही होत नाही. यापेक्षा सोपी वाट लॅपटॉपमध्येच आहे, आणि ही मला आधी कळली असती तर पहिले दोन रविवार वाचले असते: इलेव्हन पुसायच्या आधी त्यातूनच सगळे ड्रायव्हर बाहेर काढून घ्या. दुसऱ्या पेनड्राइव्हवर एक फोल्डर करा, कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, आणि टाइप करा (इंग्रजी अक्षरांतच) पीएनपीयूटिल, मग स्पेस देऊन स्लॅश एक्सपोर्ट-ड्रायव्हर, मग स्टार, मग त्या फोल्डरचा पत्ता. पाच-दहा मिनिटांत लॅपटॉपमधले वरून टाकलेले सगळे ड्रायव्हर सुटे सुटे फोल्डर होऊन तिकडे पडतात, स्टोरेजचा, वायफायचा, टचपॅडचा, साउंडचा, सगळे. इलेव्हनचे असले तरी त्यातले बरेचसे टेनवर चालतात.

एवढं झालं की बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्हवरच्या डेटाला विंडोज लावतं ते कुलूप. हे विसरू नका. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाऊंटने लॉगिन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन बऱ्याचदा आपोआप चालू होतं, तुम्ही काही दाबलेलं नसतं. आणि मग बायोसमध्ये काही बदललं की निळ्या पानावर ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती त्याच अकाऊंटमध्ये ऑनलाइन सेव्ह असते, पण अकाऊंट दुकानातल्या पोराने त्याच्या मेलने बनवून दिलेलं असेल तर मग शोधत बसा. पॅकहाऊसमध्ये नेमकं तेच होतं, नशीब की फक्त बायोस उघडून बघितलं होतं, बदललं काही नव्हतं. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद करा, पूर्ण डिक्रिप्ट होऊ द्या, मगच पुढे. आणि परत इलेव्हनवर यायची वेळ आली तर, म्हणून रिकव्हरी ड्राइव्ह पण आधीच करून ठेवा. अपग्रेड केलेल्या विंडोजला मागे जायचं दहा दिवसांचं बटण असतं, ते कंपनीतून इलेव्हन भरून आलेल्या लॅपटॉपला मिळत नाही. माझ्या मते सगळ्यात उत्तम म्हणजे कंपनीची एसएसडी काढून कपाटात ठेवायची आणि दुसऱ्या एसएसडीवर टेन टाकायचं, दुसऱ्या लॅपटॉपला शेठकडून तेवढं मी मंजूर करून घेतलं.

टेनचा पेनड्राइव्ह मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून बनवायचा, आठ जीबीचा पुरतो, कोणाकडून तयार कॉपी घेऊ नका. सेटअपमध्ये रिकामी यादी आली की लोड ड्रायव्हर, ब्राउज, आपला ड्रायव्हरचा फोल्डर, त्यात नावात आयएएसटीओआर असलेला जो फोल्डर असेल तो. इंटेल आरएसटी व्हीएमडी कंट्रोलर असं नाव आलं की नेक्स्ट, आणि एसएसडी समोर. टचपॅड या स्क्रीनवर पुष्कळदा चालत नाही, साधा वायरचा माउस जवळ ठेवा. मग जुनी पार्टिशन काढून मोकळ्या जागेवर टाकायचं, यात डेटा जातो, सगळा जातो, परत विचारून खात्री करूनच डिलीट दाबा.

लायसन्सचं बरेच जण विचारतात. लॅपटॉपची की बायोसमध्येच असते, सेटअप ती स्वतः वाचतो आणि होम का प्रो ते ठरवतो. लॅपटॉपसोबत प्रो आलेलं असेल तर खालच्या आवृत्तीवर यायचा हक्क लायसन्समध्येच आहे, होमला तो नाही. धंद्यासाठी टेनवर जायचंच असेल तर लॅपटॉप घेतानाच प्रोवाला घ्या, बिलावर तसं लिहून घ्या. एम जी रोडला विचाराल तर पाच मिनिटांत ॲक्टिव्हेट करून देतो म्हणणारे भेटतात, त्या वाटेला मी जात नाही, कारण त्या ॲक्टिव्हेटरमधून काय आत येतं ते कोणीच सांगत नाही आणि आपल्या पार्टीची ड्रॉइंग त्याच लॅपटॉपवर असतात.

टेन उघडलं की वायफाय नसतं, स्क्रीन मोठी मोठी दिसते, आवाज नाही. घाबरायचं नाही. परत तोच फोल्डर, या वेळी पीएनपीयूटिल, स्लॅश ॲड-ड्रायव्हर, फोल्डरचा पत्ता आणि त्याला जोडून स्टार डॉट आयएनएफ, मग स्लॅश सबडर्स, मग स्लॅश इन्स्टॉल. जे चढतात ते चढतात, काही नाकारले जातात, ते राहिलेले डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या चिन्हाने दिसतात. टचपॅड राहिला असेल तर इंटेलचा सीरियल आयओ ड्रायव्हर बघा, टचपॅड त्याच्यावरच अवलंबून असतो. नेट नसेल तर अँड्रॉइड फोन केबलने लावून यूएसबी टेदरिंग चालू करा, त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. पिंपळगावला ऐन सीझनमध्ये, बाहेर कंटेनर उभा, लेबलं छापायची खोळंबलेली, तेव्हा वायफायचा एक ड्रायव्हर नाकारला गेला होता आणि सुपरवायझर काकांच्या फोनच्या केबलवरच बाकीचे अपडेट उतरवले, अर्ध्या तासात प्रिंटर सुरू.

बाराव्या पिढीपासून पुढच्या इंटेलमध्ये दोन प्रकारचे कोअर असतात आणि त्यांना काम वाटून द्यायची इलेव्हनमधली जी सोय आहे ती टेनमध्ये नाही, त्यामुळे बॅटरी किंवा वेग थोडा कमी वाटला तर इन्स्टॉलेशन चुकलं असं समजू नका. वायरकटच्या प्रोग्रामला आम्हाला तरी काही फरक जाणवला नाही.

शेवटचं राहिलं, टेन टाकून झाल्यावर विंडोज अपडेट परत इलेव्हन घ्या इलेव्हन घ्या करत राहतं आणि कोणीतरी एक दिवस हो दाबतं. आमच्याकडे रात्रपाळीत दाबलं होतं, सकाळी वायरकटच्या सॉफ्टवेअरचा डोंगल बंद. प्रो असेल तर ग्रुप पॉलिसीत विंडोज अपडेट फॉर बिझनेसखाली टार्गेट फीचर अपडेट व्हर्जन निवडायचं सेटिंग आहे, तिथे प्रॉडक्टच्या जागी विंडोज टेन आणि व्हर्जनच्या जागी २२एच२ लिहा, टेनची तीच शेवटची आवृत्ती. होममध्ये ग्रुप पॉलिसी नसते, तिथे हीच नोंद रजिस्ट्रीत करावी लागते. आम्ही तर वायरकटच्या लॅपटॉपचं नेटच काढून टाकलं, प्रोग्राम एका ठरलेल्या पेनड्राइव्हने जातात, तो पेनड्राइव्ह आधी माझ्या कॉम्प्युटरवर स्कॅन होतो, आणि दर शनिवारी त्या लॅपटॉपच्या प्रोग्राम फोल्डरची कॉपी मी स्टोअरच्या कपाटातल्या हार्ड डिस्कवर घेते.